शालनने स्वतः नेलेलं पुस्तक

शालन गेल्याचं तिच्या मुलाने फोन करून कळवलं तेव्हा मी अंगणात आमसुलं वाळत घालत होते. "मावशी, आई पहाटे झोपेतच गेली," तो म्हणाला. कोकमाच्या रसाने लाल झालेल्या हातात फोन धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे… आता महिना उलटून गेला. आमसुलं बरणीत भरून झाली, तरी त्यातली तिच्या वाटणीची वेगळी काढायला हात अजून पुढे होतो.

रत्नागिरीच्या टेलिफोन ऑफिसात आम्ही सगळी नोकरी शेजारी बसून केली. दिवसभर लोकांचे फोन एकमेकांना जोडून द्यायचे. शालन म्हणायची, दुसऱ्यांचं बोलणं पुष्कळ झालं, निवृत्त झाले की माझं बोलेन. आणि खरोखरच तिने लिहायला घेतलं. विषय तिची आई. केळशीला त्यांच्या घरापासून खाली आगरात, नारळी-पोफळीच्या बागेत उतरणारी पाखाडी होती, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची. पाण्याची कळशी घेऊन येताना आई तिथे घसरली ती पुन्हा उठली नाही. शालन तेव्हा शाळेत होती. घरात आईचा एक फोटोसुद्धा नव्हता. "माझ्यामागे ती कोणाला आठवणार गो?" असं ती मला एकदा म्हणाली. लिहिण्याचं सगळं कारण त्यात आलं.

लिहून झालं, पण छापणार कोण? ओळखीतले म्हणाले, कोणा मोठ्या लेखकाची चिठ्ठी मिळव, मध्ये कुणी जाणता माणूस घाल. शालनला ते पटेना. "मध्यस्थ स्थळं घेऊन जातो. ही माझी आई आहे. तिला मीच नेणार." घरातल्या पुस्तकांमधून तिने प्रकाशकांचे पत्ते काढले. आधी फोन करून विचारायची, अशा आठवणी तुम्ही छापता का. जो हो म्हणेल त्यालाच पानं पाठवायची. कुणाचं उत्तरच आलं नाही, कुणी गोड शब्दांत नको म्हटलं. एकाने छपाईचा खर्च मागितला, त्याला तिनेच नको म्हटलं. नकार आला की ती आमच्याकडे चहाला यायची आणि त्या दिवशी पुस्तकाचं नावही काढायची नाही.

शेवटी पुण्याच्या एका प्रकाशकांनी भेटायला बोलावलं. मी सोबत गेले. त्यांनी सगळं मन लावून वाचलं होतं, आवडलंही होतं. फक्त भाषा सगळ्यांना कळेल अशी करू म्हणाले, 'पाखाडी'च्या जागी 'पायवाट' घालू. शालन पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मग हळूच म्हणाली, "पायवाटेवर माझी आई पडली नसती, साहेब." आणि तिने कागद आवरून पिशवीत ठेवले. येताना चिपळूण मागे पडेपर्यंत ती एसटीच्या खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, संपलं हे… पण थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला. पाखाडी राहू दे, म्हणाले, फक्त ती कशी असते ते एका ओळीत सांगा. ती एक ओळ शालन कितीतरी दिवस लिहीत होती.

पुस्तक आलं. फार गाजलं वगैरे नाही. पण केळशीहून, हर्णैहून बायकांचे फोन येत, आणि शालन पुन्हा तासन्‌तास फोनवर असे.

परवा मी एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलपाशी थांबले. तिथे तिचं पुस्तक मागच्या रांगेत दिसलं की ती विक्रेत्याची नजर चुकवून ते पुढे आणून ठेवायची आणि साळसूदपणे निघायची. परवाही ते मागेच होतं. मी उचलून पुढे ठेवलं. विक्रेता बघत होता.

"त्या बाईपण असंच करायच्या," तो म्हणाला. "मला कळत नाही असं त्यांना वाटायचं. त्या यायच्या वेळेला मीच मुद्दाम मागे ठेवायचो."

मला हसू आलं. घरी पोचल्यावर आधी हे शालनला सांगायचं, असं मनात ठरवूनही टाकलं…