आकडे बघण्याआधी बाजू लिहिणारे सर

राधानगरीत दोनदा दहावी नापास होऊन मी भटकत इचलकरंजीला पोचलो, तेव्हा एका यंत्रमाग कारखान्यात प्रा. कांबळे सर पहिल्यांदा भेटले. कोल्हापूरच्या कॉलेजात ते संख्याशास्त्र शिकवत. मी तिथे प्रत्येक पाळीत किती धागे तुटतात ते मोजायला होतो. (त्याआधी गुऱ्हाळावर होतो. तिथली गंमत वेगळीच; असो.)

शेठनी सुताला लावायची नवी, तयार खळ आणली होती. ती चांगली ठरली तर कारखान्यातच खळ शिजवणारे सदाशिवमामा घरी बसणार होते. निम्म्या मागांवर जुनी, निम्म्यांवर नवी. दोन्हींच्या सरासऱ्या ताडून पाहून सरांनी निकाल द्यायचा होता.

सर माझी मोजणीची वही उघडतात तोच मी ओरडलो, "नव्या खळीवर धागं कमी तुटल्यात की!"

शेठ खूश. "मग सर, कमी तुटत्यात का एवढंच तपासा. उगंच दोन्ही बाजू कशाला?"

सरांनी दोन्ही करून दाखवलं. फक्त 'कमी' विचारणाऱ्या एकतर्फी चाचणीत नवी खळ पास. 'कमी किंवा जास्त' विचारणाऱ्या, म्हणून जास्त मोठा फरक मागणाऱ्या दुतर्फीत तेच आकडे नापास. मी हबकलोच. एकाच वहीचे दोन निकाल!

"बाजू आकडे बघण्याआधी ठरवायची असते," सर म्हणाले. "पहिल्या दिवशीच लिहून घ्यायला हवी होती. चूक माझी. पुन्हा मोजू."

एवढे शिकलेले सर कामगारांसमोर "चूक माझी" म्हणतात, याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

या वेळी आधी कागदावर लिहिलं: नव्या खळीने धागे कमी तुटतात का? खाली शेठची सही. पंधरा दिवस सर कॉलेज सुटल्यावर एस.टी.ने येत. पिशवीत माझ्यासाठी वेगळा डबा असे. आणि निकाल? नव्या खळीवर धागे उलट जास्त तुटले!

"मामा, जिंकला की वो!" मी नाचलो. "सर, जुनी भारी असं लिवा."

"नाही. ते आपण विचारलंच नव्हतं. नवी चांगली असं दिसलं नाही, एवढंच लिहिणार."

"आवं, मामांसाठी तरी!"

"मामांसाठीच. खोटं एक अक्षर सापडलं, तर सगळा कागद फाटेल."

शेठनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "मामा, बसलाय काय? भट्टी पेटवा."

आज सरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. पुढच्या वर्षांची बाजू मी आकडे यायच्या आधीच लिहून ठेवतो: सरांची तब्येत पहिल्यापेक्षा चांगली राहील आणि आयुष्य आम्हा सगळ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त निघेल. खाली माझी सही. शेजारी सदाशिवमामांचा अंगठा, खळीच्या डागासकट.