मावशींना मागता येईना

मावशींना सगळं जमायचं. चाकाच्या खुर्चीचं बेअरिंग बदलणं, गंजलेला ब्रेक घासूनपुसून पुन्हा बसवणं, खुर्ची मिळाली म्हणून रडणाऱ्या आजोबांना दटावून हसवणं. जमायचं नाही ते एकच, मागणं! कुणी काही द्यायला आलं की तोंडातून "नको नको, कशाला उगाच?" आधी बाहेर पडायचं, विचार मागाहून यायचा.

आणि अशी बाई संस्था चालवत होती, बोला आता! जुन्या खुर्च्या दुरुस्त करून गरजूंना फुकट द्यायच्या, एवढंच काम. पण ज्या शेडमध्ये ते चालायचं, ती मालकाने विकली. महिनाअखेर जागा रिकामी करायची होती. दुसरी मिळाली नाही तर संस्थेला कुलूप.

म्हणून कमिटीने निधी उभारून देणारी एक सल्लागार बोलावली. मावशी खूश! बाई येणार, पर्समधून बड्या लोकांचे नंबर काढणार, भराभर फोन फिरवणार आणि आपण हातात पाना धरून मजा बघणार. बाई आली. पर्समधून निघाला जेवणाचा डबा.

"मावशी, माझ्या ओळखीचे श्रीमंत तुम्हाला कुठे ओळखतात?" घास घेता घेता ती म्हणाली. "तुम्हाला ओळखणाऱ्यांकडे मागायचं, आणि तेही तुम्हीच."

"मग तुला आणलंय कशाला?" मावशी भडकल्या.

"तुमचं ते 'नको' सोडवायला!"

झालं, तालीम सुरू. सल्लागार खोटीखोटी देणगीदार व्हायची, "काही हवंय का?" विचारायची. मावशी सवयीने "नको गं बाई" म्हणायच्या आणि कपाळाला हात लावायच्या. कारागीर पोट धरधरून हसायचे.

अशातच गोदामवाले काका आले. मावशींनी त्यांच्या आईला खुर्ची दिली होती, तेव्हापासून वर्षातून एकदा तरी डोकावायचेच. दारातूनच म्हणाले, "मावशी, काही लागतंय का?"

"न..." मावशींनी तोंड उघडलं मात्र, सल्लागारबाईने असा चिमटा काढला म्हणून सांगू! मावशी घाईघाईने म्हणाल्या, "हो, लागतंय. जागा. तुमचं मागचं गोदाम रिकामं आहे ना, ते आम्हाला द्या."

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काका समोरच्या खुर्चीत बसले, चष्मा काढून पुसू लागले. "दरवर्षी विचारतो, दरवर्षी 'नको' ऐकून जातो. वाटायचं, आमचं काही तुम्हाला चालत नाही. आई गेली त्या वर्षी तर फार लागलं मनाला. कधीपासून हवंय गोदाम?"

मावशींच्या काळजात चर्र झालं. आपण आपल्या भिडस्त, एवढंच त्या समजत होत्या. या भल्या माणसाला आपण दारातून रिकामं परत पाठवतोय, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी पदराने डोळे पुसले.

"आजपासून," त्या म्हणाल्या. "आणि टेम्पोही द्या. आणि तुम्हीही या सामान उचलायला, माणसं कमी आहेत."

काका खो खो हसत उठले आणि शर्टाच्या बाह्या वर सारू लागले.