व्हिडिओ गेमचं खोकं

माझा नवरा चौतिसाव्या वर्षी व्हिडिओ गेमच्या नादी लागला. घाटकोपर स्टेशनजवळच्या एका गाळ्यात तसली चार मशिनं नवीनच आली होती. ऑफिस सुटलं की हा तिथे शाळकरी पोरांच्या रांगेत उभा, हातात ब्रीफकेस. एक दिवस गाळेवाला त्याला म्हणाला, "काका, बस झालं आता. पोरांना खेळू द्या." तोंड पाडून घरी आला आणि जेवताना जाहीर केलं, "मी स्वतःचं मशीन बनवणार. घरातच."

फ्यूज उडाला तरी खालच्या मजल्यावरच्यांना हाक मारणारा माणूस हा. मी त्याला आमटी वाढली.

मदतीला ऑफिसातला एक मित्र मिळाला. त्याने कधीकाळी पोस्टाने रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला होता आणि तेवढ्यावर तो जगातल्या कुठल्याही यंत्राबद्दल तासभर बोलू शकायचा. दर रविवारी नऊला हजर. कांदेपोहे दोनदा घ्यायचा आणि मग लेंग्याला हात पुसत कामाला बसायचा. दोघांनी लॅमिंग्टन रोडवरून मोडीत निघालेल्या मशीनचा सर्किट बोर्ड आणला. पडद्यासाठी घरातला एकुलता एक टीव्ही उघडला. तो टीव्ही सासूबाईंचा जीव की प्राण होता, पण त्यांना कोण विचारतो?

खोकं नवऱ्याने स्वतः बनवलं. सुतार बोलावण्यात म्हणे कमीपणा. प्लायवुडची एक बाजू दुसरीपेक्षा दोन बोटं लांब निघाली, म्हणून आखूड बाजूखाली पुठ्ठ्याच्या घड्या घातल्या. खेळायचा दांडा आला बरोबर छातीच्या उंचीवर, कारण माप घेताना हे गृहस्थ स्टुलावर उभे होते. मग खेळायलाही स्टूल लागणार, हे ओघाने आलंच.

पहिल्या रविवारी दोघं जमिनीवर बसून बटणांच्या वायरींना सोल्डर करत होते. मी चहा घेऊन गेले तर मित्र म्हणाला, "वहिनी, लांब, लांब! शॉक बसेल. हे बायकांचं काम नाही."

मी तेव्हा सहा वर्षं अंधेरीच्या एका इलेक्ट्रॉनिक कारखान्यात सोल्डरिंगच्या टेबलावर होते. आमच्या लाइनीला सगळ्या बायकाच. सकाळी बसलं की संध्याकाळपर्यंत टाक्यामागून टाका. मी नवऱ्याकडे पाहिलं. आता हा हसेल आणि म्हणेल, अरे, हिलाच विचार की! तो हातातल्या स्क्रूकडे बघत राहिला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बायको कारखान्यात लाइनीवर बसते, हे त्याने ऑफिसात सांगितलेलंच नव्हतं.

मी चहा ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. ठरवलं, करू देत काय करायचं ते.

दुसऱ्या रविवारी पडद्यावर चित्र आलं, पण आडवं झोपलेलं. विमान खालून वर जायचं ते डावीकडून उजवीकडे चाललेलं. मित्र गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "सिग्नल फिरलाय." अर्धा तास दोघं सिग्नल सरळ करत बसले. शेवटी खाटेवरून सासूबाई वैतागून म्हणाल्या, "अरे, मगे टीव्हीच उभो करा!" टीव्ही कुशीवर ठेवला. चित्र सरळ. म्हातारीला दोघांपैकी कुणी शाबासकी दिली नाही.

तरीही बटणं दाबून काही होत नव्हतं. का होत नाही, ते मला दारातून दिसत होतं. चांगला टाका चकचकीत असतो. यांचे सगळे मळकट, गोळे झालेले, ओल्या राखेसारखे. तसला एक टाका जरी आमच्या सुपरवायझरबाईंना दिसला असता, तर त्यांनी भर लाइनीत उभं केलं असतं. मी मात्र कांदा चिरत मजा बघत होते. खोटं कशाला बोलू, ते रविवार फार सुखाचे गेले.

चौथ्या रविवारी मित्राने निकाल दिला. "बोर्डच मेलाय, यार. वाट लागली."

नवरा भिंतीला टेकून बसला होता, केसांत भुसा. सासूबाई म्हणाल्या, "माका माझो टीव्ही परत होयो. आत्ताच्या आत्ता."

मी हात पुसले आणि खोक्याशी जाऊन बसले. "सरका जरा."

"वहिनी, अहो, शॉक..."

"मशीनचा प्लग मी काढलाय. तुम्ही काढला नव्हता."

एकेक टाका उकलून पुन्हा घातला. सगळ्या बटणांची मिळून जी एक वायर बोर्डाला जायची, ती तर नुसतीच टेकलेली होती. ती पक्की केली, प्लग लावला, बटण दाबलं. विमानातून गोळी सुटली.

मित्र म्हणाला, "वहिनी, हे कुठे शिकलात?"

"कारखान्यात. सहा वर्षं पोटासाठी हेच करतेय. यांनी सांगितलं नाही?"

त्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याचे कान लाल झाले. "राहिलं सांगायचं," तो पुटपुटला. मित्राने त्या दिवशी पोहे एकदाच घेतले आणि पुढच्या रविवारी आला नाही.

मशीन उणेपुरे आठ दिवस चाललं. स्टुलावर उभा राहून हा एकटाच बटणं बडवायचा. मागे रांग नाही, बघायला कुणी नाही. नवव्या दिवशी स्टुलावरून उतरला आणि म्हणाला, "ऑफिसात मी तुला क्लार्क करून टाकलं होतं."

"कळलं ते मला."

"उद्या खरं सांगतो."

"सांगा, नाहीतर नका सांगू. मी उद्याही त्याच टेबलावर बसणार आहे."

सांगितलं की नाही, मी विचारलं नाही. पण टीव्ही पुन्हा जोडायची वेळ आली, तेव्हा मेकॅनिकला न बोलावता तो माझ्याजवळ येऊन बसला. "दाखव ना, कसं करतेस ते." आधी जोड तापवायचा आणि मग सोल्डरची तार लावायची, एवढंच त्यात गुपित असतं. मी एकदा करून दाखवलं. त्याने पहिला टाका घातला आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला.

"भिकार," मी म्हटलं.

त्याने तो वितळवला आणि पुन्हा घातला.