काळजातली गाठ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मला विडीचा वाससुद्धा कधी लपवता आला नाही, मग हे कसं लपलं? सांगायला बसलो की तोंड कोरडं पडतं. आताही पडलंय. कुणी सहज ‘काळजी घ्या’ म्हणालं तरी मी दचकतो.

शब्द एवढासा आहे. काळीज. डॉक्टर यकृत म्हणतात, खाटकाकडे तेच काळीज असतं, आणि कुणी टाकून बोललं की तेही काळजालाच लागतं. माझं पाप या एका शब्दात मावलं.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची गोष्ट. बुलढाण्याच्या बाजूला एका लहान दवाखान्यात मी डॉक्टर होतो — कुठला ते राहू द्या, त्या भिंतींचा काय दोष? यकृताच्या कॅन्सरवर टोचायचं एक औषध मी तयार केलं होतं. सशांवर वापरलं, काही ससे जगले, आणि मी हुरळलो. हुरळली मेंढी लागली लांडग्यापाठी — पण मी मेंढी होतो की लांडगा? माणसावर वापरायला वरच्या साहेबांनी परवानगी दिली. अट एकच घातली: रोग्याला सगळं समजावून सांगा, मगच सुई लावा.

साखरखेर्ड्याची गिरजाबाई आली. शेतकऱ्याच्या घरची, पन्नाशीची. उजव्या बरगडीखाली हाताला दगडासारखं लागत होतं. तिला कळावं म्हणून सोपं करून म्हणालो, “बाई, तुमच्या काळजात गाठ आहे.”

ती पांढरी पडली. “डाक्टरसाहेब, तुमाले कोनं सांगतलं?” — आणि रडायलाच लागली. तिची धाकटी बहीण पारबता सुलतानपूरला दिलेली. आई पारबताकडे वारली, निरोप उशिरा आला, गिरजाबाईला आईचं तोंड दिसलं नाही. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. “तवापासून हे गाठ घेऊन फिरून राह्यली मी,” ती म्हणाली. “तुमच्या दवाईनं सुटंन का?”

माझ्या लक्षात आलं नाही असं समजू नका. त्याच क्षणी आलं. एक वाक्य पुरलं असतं — बाई, हे काळीज पोटातलं, हा मरणाचा रोग आहे, आणि माझं औषध अजून कुठल्याच माणसाला दिलेलं नाही. पण ती उठून गेली असती तर? दुसरा रोगी मी कुठून आणणार होतो?

“सुटेल,” मी म्हणालो. साहेबांना कळवलं, सगळं समजावून सांगितलं आहे.

सुया सुरू झाल्या. ताप, उलट्या, अंगाची आग. तिने हूं की चूं केलं नाही. प्रायश्चित्त समजून सोसत होती. पारबताला तिनेच बोलावून घेतलं. दोघी गळ्यात पडून रडल्या, एका ताटात जेवल्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणते, “सुटली हो गाठ, डाक्टरसाहेब. आता सुई नका टोचू. मले घरी जाऊ द्या.”

मी पोट चाचपलं. गाठ होती तशीच — नाही, आता तरी खोटं कशाला — वाढली होती. “थोडी राहिली आहे,” मी म्हणालो.

मग ती आपलं मन तपासायला लागली. पारबता पाय चेपायला बसली की तिच्याकडे टक लावून बघे, आणि मला विचारी, “अजून काऊन राह्यली असंन? म्या तं सारं सोडलं.” यावर मी काय बोललो? पुढची सुई घेऊ, म्हणालो. पारबता तिथेच असे, ऐकत.

गिरजाबाई गेली त्या सकाळी साहेब पाहणीला आले होते. माझ्या शेजारीच उभे होते, आणि मराठी त्यांना चांगली कळत होती. पारबताने पदर तोंडाशी धरून मला विचारलं, “शेवटाले तरी सुटली होती का हो, बाईची गाठ?” थोरल्या बहिणीला ती बाई म्हणे. ती कोणत्या गाठीचं विचारते आहे हे मला ठाऊक होतं. खरं सांगावं तर साहेबांसमोर माझं पितळ उघडं पडत होतं. ते माझ्याकडेच पाहत होते.

“नाही,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. बहिणीचं पांघरूण सारखं केलं. घरच्यांनी बैलबंडी जुंपली, गिरजाबाईला आत ठेवलं आणि पारबताला जवळ बस म्हणाले. ती बसली नाही. “बाईले नाही चालनार,” एवढंच म्हणाली, आणि बंडीच्या मागे, बरंच अंतर ठेवून, अनवाणी चालू लागली.

मी ओट्यावर उभा होतो. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती.