ताटात धुतलेला हात

रविवार होता, सकाळचे साडेनऊ. माधवनगरच्या आमच्या फ्रेमच्या दुकानात मी काच कापत असताना चित्रकार भास्कर सर पहिल्यांदा आत आले. पोस्टकार्डाएवढे चित्र पुढे ठेवून त्यांनी विचारले, "अहो, यात काय दिसतं?" माझी शाळा नववीतच सुटलेली; चित्राबद्दल माझे मत कोणी विचारले नव्हते. "माणूस जेवतोय," मी भीत भीत म्हणालो. "मग लावा काच," सर म्हणाले.

वेठबिगारी संपल्याच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघणार होते, त्यासाठी सरांनी ते चित्र काढले होते. त्यांचे वडील, अण्णा, गावकीच्या कामाला बांधलेले. चावडीवरून हाक आली की भरल्या ताटावरून उठायचे. म्हणून सरांनी निवांत जेवणारा माणूस रंगवला. निवड समितीचा निरोप आला, 'यात गुलामगिरी दिसत नाही. तुटलेली साखळी दाखवा, नाहीतर दुसरे चित्र घेऊ.'

सरांनी साखळीचेही चित्र काढले, पण ते त्यांच्या मनाला येईना. दोन्ही चित्रे घेऊन ते म्हसवडला थोरल्या बहिणीकडे, आक्कांकडे निघाले. मला सोबत नेले.

साखळी पाहून आक्का हसल्या. "साखळी कुटं हुती रं भास्कऱ्या? असती तर अण्णांनी तोडली नसती व्हय? नुसती हाक हुती."

मग दुसरे चित्र डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, "पर हे बी खरं न्हाई. अर्धी भाकरी ऱ्हायलीय ताटात. आत्ता हाक आली तर ह्यो उठंल की!"

सरांनी विचारले, "मग काय काढू, आक्का?"

"ताटात हात धुऊ दे त्येला. अण्णांचं तेवढं बघायला लय वरसं लागली."

सरांनी नवे चित्र केले: पुसून खाल्लेले ताट, त्यावर हात, वरून तांब्याची धार. तिकिटाच्या आकारात धार दिसते का, हे पाहायला मला दाराशी उभे करीत. दिसेना तेव्हा न चिडता पुन्हा रंगवीत. सोबत त्यांनी एकच ओळ लिहिली, 'गुलामगिरी संपली, म्हणून ती दिसत नाही.' साखळी घातली नाही. चित्र निवडले गेले.

पहिले तिकीट आक्कांच्या तळहातावर ठेवले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "आता न्हाई उठायचा ह्यो."

आजही सरांकडे जेवताना मला दुकानातून फोन आला, तर सर तो उचलू देत नाहीत. "आधी हात धुवा, मग बोला."

सरांना नुकतीच पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली; यापुढचे आयुष्यही त्यांना निरोगी आणि उदंड लाभो. कोणतीही हाक त्यांना भरल्या ताटावरून न उठवो.