हौसाच्या जागी कुशाबाई

डिंगोरे गावात कुणाला कुठं जाणं जमेना, की कुशाबाई त्याच्या जागी हजर. सावडीनं, म्हणजे आळीपाळीनं एकमेकींच्या शेतात, कांदा लागणीला जायचं आणि एखादीची कंबर धरली, तर ही पदर खोचून तिच्या सरीत. धाकटी जाऊ हौसा तापानं फणफणली, तेव्हा तिची संकष्टीसुद्धा हिनंच धरली. आपलीही होतीच, म्हणून लेण्याद्रीच्या गणपतीला बजावलं, "देवा, आजचा उपास दोघींत वाटून टाक."

अशी बाई हौसाच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरल्यावर घरी थोडीच बसणार? नारायणगावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आधी रक्ताचा गट तपासू; चढवायची वेळ आली तर त्याच गटाची पिशवी तयार हवी. हौसा ऑपरेशनला राजी होती, पण सुई म्हटलं की तिचे हातपाय गळायचे. तपासणीच्या खोलीबाहेर तिनं बाकडं घट्ट धरलं.

"आक्का, माझ्याच्यानं नाय व्हायचं."

"बस गप. मी येते दिऊन."

आत नाव विचारलं, तर कुशाबाईनं बिनदिक्कत "हौसाबाई" सांगितलं. तिचा हिशेब सरळ होता: एका घरात नांदतो, एका चुलीवरचं खातो, एका विहिरीचं पितो, मग रक्त काय वेगळं असणार? दोघींची माहेरं वेगळी, हे तिच्या हिशेबात आलंच नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हौसा दाखल झाली आणि रक्त घेणारी वैजयंती थेट खाटेपाशीच आली. कुशाबाईनं सवयीनं आपला हात पुढं केला.

"तुमचं नको मावशी, पेशंटचं."

"आगं, एकदा दिलंय की!"

"आम्ही दोनदा तपासतो. दोन्ही जुळलं तरच पिशवी ठेवायची."

सुई लागताच हौसा जोरात ओरडली, आणि एवढ्यात झालंसुद्धा म्हणून स्वतःच चकित झाली.

दुपारी वैजयंती घाईघाईनं परत आली. "पहिलं रक्त बी गटाचं, आजचं ओ. एकाच माणसाचं असं नसतं. त्या दिवशी कोण आलं होतं?"

हौसानं आक्काकडं पाहिलं. आक्कानं पंख्याकडं.

"मीच," कुशाबाई शेवटी पुटपुटली. "म्हनलं, घर तर येकच हाय."

वैजयंती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे सांगितलं, "मावशी, यांना बी गटाची पिशवी चढली असती तर यांच्या अंगानं ती सोसली नसती. जीव गेला असता."

कुशाबाई मटकन खाली बसली. हौसाच खाटेवरून उतरून तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. पेशंट कोण, हे परक्या माणसाला ओळखू आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ओ गटाची पिशवी तयार ठेवून हौसाला आत न्यायला निघाले. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत कुशाबाईनं स्ट्रेचरची कड सोडली नाही.

"हौसे, हितनं म्होरं तुज्या जागी मला येता येत न्हाई गं," ती म्हणाली आणि तिला रडू आवरेना. हौसावर तिचा किती जीव होता, ते तिचं तिलाही तेव्हाच कळलं.

हौसानं तिचा हात दाबला. "आक्का, मला तर आता भूल देत्यात. भ्यायचं तेवढं माज्या जागी तू भिऊन घे."

दार लागलं. कुशाबाई बाकड्यावर बसली आणि हौसा बाहेर येईपर्यंत तेवढं काम तिनं अगदी मनापासून केलं.