तिच्या नावाचं पान

पाटोद्यातल्या माझ्या किराणा दुकानाचा हिशेब लिहायला एक मुनीम दर बुधवारी येतात. बायको वारली, मग विक्रीकराची नोटीस आली, म्हणून ठेवले. माणूस कोरडा. बेरीज जुळेपर्यंत चहाला शिवत न्हाईत; चहावर साय धरते.

पहिल्याच महिन्यात जुन्या वह्या बघून त्यांनी चष्मा काढला.

"मामा, दुकान चार सालापासून तोट्यात हाय."

"कावून? गल्ला तर कधी रिकामा न्हवता."

"मग घरातून कोन टाकत होतं?"

बायको गल्लीभरातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. शिलाईचे पैसे कुठं उडवतेस, असं मी तिला रोज टोचायचो.

मी ते सांगितलं. कोरं पान काढून मुनीमांनी वर तिचं नाव लिहिलं आणि विचारलं,

"किती देणं धरू?"